गोल्फ: चेंडू उजवीकडेच का पळतो? स्विंग सुधारायला मदत हवी

वेर्ण्याचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. पुण्याहून बदली होऊन गोव्यात आलोय, वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी, राहायला मडगाव. पुण्यात असताना ऑफिसातल्या एका ज्येष्ठांच्या नादाने गोल्फ सुरू केलं आणि इथे आल्यावर जमेल तशा रविवारी सकाळी करमलघाट उतरून काणकोणला जातो. तिथल्या राजबागच्या हॉटेलच्या नऊ होलांच्या कोर्सवर खेळतो.

वय पंचेचाळीस, कॉलेजात क्रिकेट बऱ्यापैकी खेळलोय, सलामीला जायचो. तेव्हा हातात ताकद आहे. तरीही ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की चेंडू जरासा डावीकडे निघतो, आता जमलं असं वाटतं आणि मग हवेत भलामोठा वळसा घेऊन उजवीकडच्या माडांत. सात नंबरची आयर्न त्या मानाने बरी लागते, पण अंतर कमी पडतं. व्हिडिओ पाहून पाहून डोक्याचा भुगा झालाय. एकजण म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो हलू द्या. एकजण म्हणतो उजवं कोपर चिकटवा, दुसरा म्हणतो मोकळं सोडा.

आता तर सवयीने लक्ष्याच्या बरंच डावीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे वळून मध्ये येईल. तर ते अजूनच जास्त वळतं! नवा ड्रायव्हर घ्यावा का? की कोच गाठावा? की काही घरच्या घरी करण्यासारखं आहे? जाणकारांनी सांगावं.

उर्राकप्रेमी
पात्रांव, गोव्यात येऊन लोक समुद्रात पाय बुडवतात, तुम्ही वाळूच्या खड्ड्यात चेंडू बुडवताय. कठीण आहे.
(माडांत हरवलेले चेंडू कुणाला सापडले तर कळवा, आमच्या पोराला टीटीचे म्हणून खपवतो.)

निवृत्त_नाविक
वाटसरू, नौदलात असताना बंदर बदललं की गोल्फचं मैदानही बदलायचं, तेव्हा चार गोष्टी अनुभवाने सांगतो. नवा ड्रायव्हर अजिबात घेऊ नका. पैसे वाचवा.

तुमचा रोग एकच, घाई. माजी क्रिकेटपटू सगळे असेच. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेणं, पूर्ण व्हायच्या आत खांद्याने खाली ओढतात. डावा हात सरळ, डोकं स्थिर, नजर चेंडूवर आणि वेग निम्मा करा. वरून खाली येताना सुगरण भाकरी तव्यावर टाकते तसं, झटका न देता. आमच्या वेळी एवढ्यावर लोक खेळले आणि चांगले खेळले.

काणकोणकार
वाचतोय. माझं घर तळपणच्या बाजूला. त्या कोर्सवर दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की भले भले रडतात. सकाळी लवकर खेळा, म्हणजे निदान चेंडू वळतो तो तुमच्यामुळे की वाऱ्यामुळे हे तरी कळेल.

मिरामारची_मीरा
मूळ प्रश्नाकडे येते. वाटसरू, तुम्ही एक वाक्य फार उपयोगाचं लिहिलंत: "चेंडू जरासा डावीकडे निघतो आणि उजवीकडे वळतो." निम्मं निदान त्यातच आहे.

चेंडू निघतो कुठे, हे मुख्यतः टक्कर होताना क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, कुठे बघतोय त्यावर ठरतं. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आणि तो हवेत किती वळतो, हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. जुन्या पुस्तकांत हे नेमकं उलटं शिकवलेलं असे: चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि शेवटी फेसच्या दिशेला जातो. रडारवर मोजणारी यंत्रं आल्यावर ते मागे पडलं, पण लोकांच्या तोंडी सल्ले अजून जुनेच आहेत.

तुमचा चेंडू डावीकडे निघतो म्हणजे फेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे बघतोय. तरी उजवीकडे वळतो, म्हणजे क्लबचा मार्ग त्याहूनही डावीकडे आहे, बाहेरून आत. समजा मार्ग आठ अंश डावीकडे आणि फेस दोन अंश डावीकडे. लक्ष्याच्या हिशेबात फेस बंद, पण मार्गाच्या हिशेबात सहा अंश उघडा. तो सहा अंशांचा फरक म्हणजे तुमचा स्लाइस.

आता डावीकडे तोंड करून उभं राहिल्यावर काय होतं बघा. खांदे डावीकडे, त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे. चेंडू तिकडेच जाईल या भीतीने हात फेस उघडा ठेवतात. फरक वाढला, वळण वाढलं. म्हणून ती सवय आधी सोडा.

तीन गोष्टी सांगा: पकड घेतल्यावर वरून बघितलं तर डाव्या हाताची किती बोटांची हाडं दिसतात? टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, किती उंच? आणि फेसवर चेंडू नेमका कुठे लागतो, टोकाकडे, मध्ये की टाचेकडे?

निवृत्त_नाविक
मीराताई, अंशांचं गणित ठीक आहे. पण माणूस चेंडूसमोर उभा असताना कोनमापक घेऊन उभा नसतो. त्याला काय करायचं ते सांगा.

मिरामारची_मीरा
काका, तेच सांगायला तर प्रश्न विचारलेत. :) ताप का आला ते न बघता गोळी कशी द्यायची? आणि वेग कमी करण्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे, फक्त त्याने मार्ग आपोआप सुधारत नाही. हळू मारलेला स्लाइस हा हळू स्लाइसच असतो.

उर्राकप्रेमी
हळू स्लाइस :ड
खुर्ची टाकून बसलोय.

कसोटीवीर
मी गोल्फ खेळत नाही, पण क्रिकेटवाल्यांना नावं ठेवली म्हणून आलो. सलामीच्या फलंदाजाला आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं: बॅटचा चेहरा रेषेत धरून ठेव, मनगटं उशिरा वळव, कड लागू देऊ नकोस. तोच माणूस गोल्फमध्ये फेस वळवतच नाही. शिवाय बाहेरच्या चेंडूला हात बाहेर नेऊन आत ओढत कट मारायची हौस. मीराताई म्हणतात तो मार्ग तो हाच असणार.

त्यात हा चेंडू जाग्यावर थांबलेला. येणाऱ्या चेंडूला विचार करायला वेळच नसतो, थांबलेला चेंडू माणसाला विचार करायला लावतो. तिथेच घोळ.

मिरामारची_मीरा
कसोटीवीर, गोल्फ न खेळता तुम्ही अर्ध्या कोचएवढं बोललात. अगदी हेच. चांगल्या फलंदाजांच्या पुढच्या हाताचं मनगट फिरतच नाही, हे मी खूप पाहिलंय.

पेडण्याची_पोर
विषयांतर आहे, पण गोल्फ म्हटलं की आम्हा पेडणेकरांना तेरेखोल आठवतं. तिथे अठरा होलांच्या कोर्सचा घाट घातला होता, आणि गावातल्या कुळांनी काजूच्या बागा राखायला किती लढा दिला ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांत रोज यायचं. एप्रिल-मे मध्ये इथे टँकरची वाट बघायची आणि तिकडे हिरवळीवर फवारे, हे मनाला पटत नाही. वाटसरूंवर राग नाही. पण नव्याने आलेल्या माणसाला ही बाजूही ठाऊक असावी.

वेर्ण्याचा_वाटसरू
पेडण्याची पोर, राग अजिबात नाही, उलट बरं झालं सांगितलंत. मी वर्तमानपत्रात तुटक वाचलं होतं. असलेल्या नऊ होलांवर दोन फेऱ्या मारून अठरा करण्यात मला कमीपणा वाटत नाही. माझ्या खेळाला तर नऊ होलही जास्तच आहेत.

काणकोणकार
पोरीचं बरोबर आहे. राजबागलाही जमिनीवरून खूप काही झालंय. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. इथे स्विंगच चालू दे.

कोल्हापुरी_पांढरा
मोबोरला त्या दुसऱ्या हॉटेलातही छोटा कोर्स आहे ना? पूर्वी बारा होलांचा होता. मडगावहून तो जवळ पडेल, घाट चढायला नको. बाहेरच्यांना आत सोडतात का ते मात्र फोन करून विचारा.

हाडवैद्य
मी हाडांचा डॉक्टर नाही, फिजिओ आहे. नाव सवयीने पडलंय. माझ्याकडे फोंड्यात दर मोसमात दोन-तीन हौशी गोल्फर येतातच, सगळे चाळिशी ओलांडलेले, खुर्चीत बसून काम करणारे.

क्रम नेहमी तोच असतो. पाठीचा वरचा भाग आणि कंबरेखालचे सांधे वळत नाहीत, म्हणून माणूस बॅकस्विंग हाताने उचलून पूर्ण करतो. वरून खाली येताना खांदा पुढे झेपावतो आणि क्लब बाहेरून आत येतो. म्हणजे मीराताईंचा मार्ग शरीराच्या आखडलेपणातूनही येऊ शकतो. चाचणी सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसा, छातीवर हात आडवे ठेवा, पाय जमिनीला चिकटलेले ठेवून दोन्ही बाजूंना वळा. उजवीकडे वळताना निम्म्यातच अडकत असाल तर कुठलाही व्हिडिओ तुम्हाला वाचवणार नाही. रोज पाच मिनिटं हेच वळणं करा, आधी हळू.

दुसरं, कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर थांबा. गोल्फरचं कोपर म्हणतात ते तेच. बाहेरच्या बाजूला दुखतं ते टेनिसवालं. कडक जमिनीवर बादलीभर चेंडू एका दमात मारणाऱ्यांना हे हमखास होतं, आणि आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात किती टणक होते ते सांगायला नको.

निवृत्त_नाविक
वैद्यबुवांना पूर्ण अनुमोदन. आमच्या वेळी कुणी वळायला सांगत नसे, कारण सगळे रोज सकाळी परेडला वळतच असत.

वेर्ण्याचा_वाटसरू
सगळ्यांचे आभार. मीराताई, उत्तरं: डाव्या हाताचं जेमतेम एक हाड दिसतं. टी कमी उंच ठेवतो, कारण उंच ठेवली की चेंडूखालून क्लब जाईल असं वाटतं. चेंडू कुठे लागतो ते ठाऊक नाही. वैद्यबुवा, खुर्चीवर वळून पाहिलं. डावीकडे ठीक, उजवीकडे लवकर अडकतो.

मिरामारची_मीरा
वा, सगळं जुळतंय. आता ऐका, आणि एका वेळी एकच करा.

पकड. एक हाड दिसतं म्हणजे डावा हात कमजोर बाजूला फिरलाय. तो थोडा उजवीकडे फिरवा, दोन किंवा अडीच हाडं दिसेपर्यंत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात होणारी खाच उजव्या खांद्याकडे बघू दे. उजवा हातही त्याच दिशेला. पहिल्यांदा हे भयंकर चुकीचं वाटेल. वाटू दे.

उभं राहणं. बांबूच्या दोन कामट्या घ्या. एक पायांपुढे लक्ष्यरेषेला समांतर, दुसरी चेंडूच्या पलीकडे. पाय, कंबर, खांदे, तिन्ही त्या रेषेत. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. त्याहून पुढे नेलात की खांदे नकळत उघडतात आणि सगळं पाण्यात. टी इतकी की चेंडूचा वरचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसेल.

मार्ग. चेंडूच्या मागे आणि तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला ड्रायव्हरचं कापडी टोपण किंवा रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. तो न पाडता चेंडू मारा. बाहेरून आत आलात की खोका उडतो, डोक्याला ताण नको. आधी छोट्या स्विंगने.

फेसवर पायाला मारतात तो पावडरचा स्प्रे हलकासा मारा. चेंडूचा ठसा उमटतो. ठसे टाचेकडे दिसले, तर फटक्याने ड्रायव्हरचं डोकं वळून चेंडूला उजवीकडे फिरकी आणखी मिळतेय असं समजा. मग अर्धा इंच मागे सरकून उभं राहणं हाही इलाज असतो.

नवा ड्रायव्हर नको, पण सध्याच्याचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, किती आहे ते बघा. नऊ अंशांचा असेल आणि बदलता येत असेल तर वाढवा. लॉफ्ट जास्त असला की आडवी फिरकी तितकी जाणवत नाही. तोपर्यंत टीवरून पाच नंबरचा वुड किंवा हायब्रिड मारा. चौदा क्लब ठेवायची मुभा आहे, ती कशासाठी?

सरळरेषा
मीराताईंचं सगळं बरोबर असेलही, पण मला एक विरुद्ध मत मांडायचंय. हौशी माणसाने स्विंग का बदलावा? अमेरिकन व्यावसायिक जिम फ्युरिकचा स्विंग बघा, वर जाताना क्लब एकीकडे, खाली येताना भलतीकडे. तरी त्याने २००३ मध्ये यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एक फेरी अठ्ठावन्न फटक्यांत संपवली. सुंदर दिसण्याचे गुण नाहीत या खेळात. वाटसरूंनी स्लाइस गृहीत धरावा, डावीकडे उभं राहावं आणि मजेत खेळावं.

निवृत्त_नाविक
फ्युरिकचा स्विंग दिसायला वेडा आहे, पण चेंडूवर येताना क्लब दरवेळी तिथेच येतो. वाटसरूंचा येतो का?

मिरामारची_मीरा
काकांनी माझं उत्तर माझ्याआधी दिलं! अगदी तेच. आणि सरळरेषा, छोटा स्लाइस गृहीत धरायला माझी हरकत नाही, फेड, म्हणजे ठरवून मारलेला हलका उजवा वळसा, मारून पोट भरणारे व्यावसायिक आहेत. पण वळसा माडांपर्यंत जातो तेव्हा तो गृहीत धरायला मैदानच उरत नाही.

डोक्याबद्दल मात्र काका, थोडं भांडते. डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं ठेवायला सांगितलं की वजन मागच्या पायावरून पुढे येतच नाही. बॅकस्विंगमध्ये थोडं उजवीकडे सरकलं तर बिघडत नाही. खाली-वर उड्या नकोत एवढंच.

निवृत्त_नाविक
मान्य. "स्थिर" म्हणजे "शांत", असं म्हणायचं होतं. (घरीही असंच हरतो.)

उर्राकप्रेमी
काकांचा सेल्फ गोल. तुमचा खेळ चुकला, या, फुटबॉलच्या धाग्यावर या.

खाजनवाट
सर्वांना एकच विनंती, पुटिंगबद्दलही, म्हणजे ग्रीनवर होलजवळ चेंडू ढकलण्याबद्दलही बोला हो. पार बहात्तरच्या (बहात्तर फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर हिशेबाने छत्तीस फटके ग्रीनवरचेच धरलेले असतात, म्हणजे निम्मे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तीही लांब मारणाऱ्यांत शेवटच्या रांगेत असून. ग्रीनवर तिने सगळ्यांना दमवलं. ड्रायव्हर हा दाखवायचा दागिना आहे, स्कोअर वेगळीकडेच होतो.

आणि आता पाऊस सुरू झालाय. घरात फरशीवर पाट टाकून पुटिंग करा. होलचा व्यास एकशे आठ मिलिमीटर असतो, तुम्ही स्टीलचा पेला आडवा ठेवा, त्याहून लहान. तो जमला तर मैदानावरचा होल विहिरीएवढा वाटेल.

काणकोणकार
पावसावरून आठवलं. दमट हवेत ग्रिप लवकर गुळगुळीत होतात. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून वाळवा, नाही गेली चिकट तर बदला. ग्लोव्ह दोन ठेवा, एक पिशवीला बांधून वाळत. गुळगुळीत ग्रिप घट्ट धरावी लागते आणि घट्ट धरली की मनगट बंद. तुमच्या कसोटीवीरांचा रोग तिथूनही येतो.

आणि उभं राहण्याबद्दल. मी कॅडींबरोबर बरंच फिरलोय. त्यांच्या तोंडी एकच तक्रार: साहेब झेंड्याकडे बघतो, पाय भलतीकडे बघतात. मागे उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा मरे, फुकट आहे.

हाडवैद्य
पाट टाकून पुटिंगला माझ्याकडून परवानगी. वाकून जास्त वेळ नको.

वेर्ण्याचा_वाटसरू
थोड्या दिवसांनी येतोय. पाऊस उघडला तेव्हा दोन सकाळी मिळाल्या.

पकड बदलली. मीराताई म्हणाल्या तसं पहिल्यांदा उलट्या हाताने लिहिल्यासारखं वाटलं. खोका सुरुवातीला वारंवार उडाला, शेजारच्या कॅडीने तो उचलून आणायची ड्यूटीच लावून घेतली. छोट्या स्विंगने आता तो बहुतेक वेळा उभा राहतो. स्प्रे मारून पाहिला तर ठसे सगळे टाचेकडे! मागे सरकलो, ठसे मध्याकडे आले. आणि हे जाणवलं की आवाजच वेगळा येतो.

ड्रायव्हर अजून भरवशाचा नाही. पण पाच नंबरचा वुड पहिल्यांदाच सरळ जातो म्हणावं इतका सरळ गेला. अडचण अशी की मधूनच एखादा चेंडू डावीकडे निघून आणखी डावीकडे वळतो. आता पकड परत मागे घेऊ का?

मिरामारची_मीरा
नका घेऊ! पूर्वी डावीकडे निघून उजवीकडे वळायचा, आता डावीकडे वळतोय, म्हणजे फेस मार्गापेक्षा जास्त बंद व्हायला लागला. फेस बंद करता येतो हे तुमच्या हातांना कळलंय. मार्ग अजून थोडा बाहेरून आहे, तो खोक्याने सुधारत जाईल, तसा तो डावा फटकाही कमी होईल. वैद्यबुवांचं खुर्चीवर वळणं सुरू ठेवा, ते विसराल.

आणि आता एकदा तरी कोचकडे जा. पुण्याला घरी जाल तेव्हा एक तास घ्या. व्हिडिओ स्वतः काढायचा असेल तर फोन लक्ष्यरेषेच्या मागे, हातांच्या उंचीवर, हातांच्याच रेषेत. खालून तिरका काढलेला व्हिडिओ चांगल्या स्विंगलाही वाईट दाखवतो.

निवृत्त_नाविक
आणि पुण्यात गेलात तर तिथल्या मुलांना खेळताना बघा. गोल्फर उदयन माने पुण्याचाच, टोकियोला खेळला. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातलाच. पाण्यात काहीतरी असावं.

उर्राकप्रेमी
पाण्यात काहीतरी गोव्यातही असतं, काका, आणि त्याने स्विंग आणखी गोल होतो.

सरळरेषा
माघार घेतो. सरळ गेलेल्या पाच नंबरच्या वुडपुढे माझं काही चालत नाही. पण अंतर वाढलं का?

वेर्ण्याचा_वाटसरू
वाढलं. वेग कमी केला तरी वाढलं, काकांचं त्यात श्रेय. चेंडू मध्यावर लागला की वेगाची उणीव भासतच नाही. पेल्यावर पुटिंग सुरू आहे, घरून तक्रार फक्त पेल्याच्या आवाजाची.

ठिपका
नवीन सदस्य आहे, शांतपणे सगळा धागा वाचला, फार माहितीपूर्ण. एक शंका: मी डावखुरा आहे आणि माझा चेंडू कायम डावीकडे पळतो. मग काय करावं?

मिरामारची_मीरा
वरचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचा आणि डावं-उजवं अदलाबदल करा. फक्त काणकोणकारांचा वारा तोच राहील.